मदत हवी आहे: अमेरिकेत जिंकलेला उमेदवार शपथेआधीच वारला तर?

रानजाई:
उद्या संध्याकाळी आमच्या वाचनालयात अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर बोलायचंय. बाकी सगळी तयारी झालीये, पण मागच्या खेपेला एका आजोबांनी विचारलं होतं की जिंकलेला माणूस शपथ घ्यायच्या आत गेला तर काय, आणि ते उद्या पहिल्याच रांगेत असणार. नेटवर एक म्हणतो उपाध्यक्ष, दुसरा म्हणतो परत निवडणूक. नक्की काय ते प्लीज आज रात्रीच सांगा.

एडिसनकर:
परत निवडणूक अजिबात नाही. पण गेला कधी? नोव्हेंबरात आम्ही अमेरिकेतले मतदार मतं देतो ती इलेक्टर निवडायला, मग ते ५३८ जण डिसेंबरात आपापल्या राज्यात जमून अध्यक्षासाठी मत देतात, ६ जानेवारीला काँग्रेस (इथली संसद) ती मतं मोजते आणि २० जानेवारीला दुपारी १२ वाजता शपथ. यात नेमका कुठे गेला ते सांगा, त्यावर उत्तर बदलतं.

रानजाई:
अहो कुठे म्हणजे? निकाल लागला, टीव्हीवर जाहीर झालं, आणि गेला.

शेंगोळी:
तिथे दोनदाच निवडून येता येतं बरं का. फ्रँकलिन रूझवेल्ट चारदा आले, त्यानंतर घटनेत २२वी दुरुस्ती झाली, १९५१ साली. हे सांगाच उद्या.

वकीलसाहेब:
ताई, २०वी दुरुस्ती, कलम ३ वाचा. निर्वाचित अध्यक्ष मुदत सुरू व्हायच्या आत वारला तर निर्वाचित उपाध्यक्षच अध्यक्ष होतो. विषय संपला.

एडिसनकर:
संपला कसा? इलेक्टरांनी मत द्यायच्या आधी तो 'निर्वाचित' झालेलाच नसतो. तेव्हा पक्षाची राष्ट्रीय समिती दुसरं नाव पुढे करते आणि इलेक्टर बहुधा त्याला मत देतील, पण राज्याराज्याचे कायदे वेगळे, काही राज्यांनी इलेक्टरांना उमेदवाराशी बांधून टाकलंय. आणि माझ्या मते ६ जानेवारीला मोजणी होईपर्यंत निर्वाचित म्हणता येत नाही.

वकीलसाहेब:
चूक. या दुरुस्तीवरच्या १९३२च्या हाउस कमिटीच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या समितीच्या) अहवालात स्पष्ट आहे की इलेक्टरांनी मत दिलं की माणूस निर्वाचित, मोजणी झाली नसली तरी.

एडिसनकर:
अहवाल म्हणजे घटना नव्हे साहेब. कोर्टात हे कधी तपासलं गेलेलं नाही.

चिंचगूळ:
आपल्याकडे बघा, १९६९मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असताना गेले, उपराष्ट्रपती गिरी काळजीवाहू झाले, त्यांनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला आले. आपल्याकडे उपराष्ट्रपतीला उरलेली मुदत मिळत नाही, सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावीच लागते, आणि मला विचाराल तर हीच पद्धत जास्त बरोबर आहे.

रानजाई:
चांगली माहिती आहे पण मला भारताचं नकोय हो. असं खरंच कधी झालंय का तिथे? आजोबा उदाहरण मागणार.

सायंतारा:
झालंय, पण हरलेल्याच्या बाबतीत. १८७२ साली अध्यक्ष ग्रँटसमोर होरेस ग्रीली होते, वर्तमानपत्राचे संपादक. मतदानानंतर २९ नोव्हेंबरला वारले, इलेक्टर जमायच्या आधी. त्यांची ६६ मतं होती, त्यातली ६३ इतरांत फुटली, जॉर्जियाच्या तिघांनी तरी मेलेल्या ग्रीलींनाच मत दिलं आणि काँग्रेसने ती तीन मोजलीच नाहीत.
आणि थोडक्यात वाचलेलं उदाहरण हवं असेल तर १९३३. २०वी दुरुस्ती मंजूर झाली २३ जानेवारीला, १५ फेब्रुवारीला मायामीत झांगारा नावाच्या माणसाने निर्वाचित अध्यक्ष रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट उघड्या गाडीत होते, त्यांना लागलं नाही, शिकागोचे महापौर सर्मॅक यांना लागली आणि ते मार्चमध्ये गेले. नेम लागला असता तर या नव्याकोऱ्या कलमाखाली निर्वाचित उपाध्यक्ष गार्नर अध्यक्ष झाले असते. मला तर हे सगळ्यात मोलाचं उदाहरण वाटतं, यावरच बोला.

शेंगोळी:
उमेदवार ३५ वर्षांचा हवा, १४ वर्षं तिथे राहिलेला आणि जन्माने नागरिक, हेही घ्या.

रानजाई:
सायंतारा, मस्तच, हेच घेते. म्हणजे डिसेंबरच्या मतदानाआधी आणि नंतर असे दोन भाग करून सांगते. पण मग उपाध्यक्ष वर गेला की त्याच्या खुर्चीत कोण? हे ते विचारणारच.

वकीलसाहेब:
२५वी दुरुस्ती, १९६७. नवा अध्यक्ष नाव सुचवतो, दोन्ही सभागृहांनी बहुमताने मान्य करायचं. १९७३मध्ये फोर्ड असेच उपाध्यक्ष झाले, आणि अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर स्वतः अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी १९७४मध्ये रॉकफेलरना याच वाटेने आणलं.