'इंटरमेत्झो'मधली जोडी आणि आपल्या मालिकांतल्या जोड्या: वयाचा प्रश्न कुणी नीट हाताळला?

मोगरी (ठाणे)

आयरिश लेखिका सॅली रूनीची २०२४ साली आलेली कादंबरी 'इंटरमेत्झो' वाचून झाली आणि तेव्हापासून मालिकांमधल्या आवडत्या जोड्या मनात पुन्हा तपासून बघते आहे. पुढे कथानक फुटतं, ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं.

वडील कॅन्सरने गेलेत, मागे दोन भाऊ. थोरला पीटर बत्तीस वर्षांचा, डब्लिनमध्ये वकिली करतो. धाकटा आयव्हन बावीसचा, बुद्धिबळपटू, बुजरा, दातांना तारा लावलेल्या. एका छोट्या गावी तो एकाच वेळी दहा जणांशी डाव खेळायला जातो, सगळे जिंकतो आणि तिथल्या कलाकेंद्राचं काम बघणाऱ्या मार्गारेटच्या प्रेमात पडतो. ती छत्तीसची, दारुड्या नवऱ्यापासून वेगळी झालेली.

इतकी पटलेली जोडी मी बऱ्याच काळात वाचली नव्हती. चौदा वर्षांच्या फरकाला रूनी उगाच गोडही करत नाही आणि त्याचा बाऊही करत नाही. मार्गारेटला धास्ती आहे ती गावाची. नवरा पितो हे सगळ्यांना माहीत, तरी हळहळ त्याच्याबद्दल. तिची सख्खी आईसुद्धा मनाने जावयाच्या बाजूला. हे वाचताना आयर्लंड लांबचं वाटतच नाही.

म्हणूनच मराठीतली माझी सगळ्यात लाडकी जोडी आसावरी आणि अभिजित राजे. 'अग्गंबाई सासूबाई' २०१९ साली सुरू झाली, निवेदिता सराफ आणि गिरीश ओक. सासरे आणि लाडावलेला मुलगा सोहम यांच्या दिमतीला आयुष्य घालवलेली विधवा, आणि तिच्या लग्नासाठी कंबर कसून उभी राहणारी तिची सून शुभ्रा. आसावरी स्वतःसाठी काही मागायला इतकी घाबरते की तिने नुसती इच्छा बोलून दाखवली तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

सगळ्यात मोठी निराशा 'तुला पाहते रे'ने केली. विशीतली ईशा, चाळिशीतला विक्रांत सरंजामे. २०१८ साली घराघरांत वाद झाले यावर. पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा पुनर्जन्म, राजनंदिनी (विक्रांतची पहिली बायको) आणि तिचा खून! ज्या प्रश्नासाठी लोक रोज रात्री टीव्हीसमोर बसले, तोच वाऱ्यावर सोडला.

अडीच घरं (नागपूर)

कादंबरी आवडली हे वाचून आनंद झाला, पण जोडी तुम्ही सोपी निवडली. आयव्हन-मार्गारेटच्या वाटेत फक्त लोक आहेत. लोक काय, आज बोलतात, उद्या विसरतात. पीटर आणि सिल्व्हियाचं बघा ना. अपघातानंतर तिच्या वाट्याला कायमची वेदना आलेली, शरीरसंबंध जमत नाहीत, म्हणून तिनेच त्याला दूर केलं. प्रेम मात्र दोघांचंही तसंच. मग पीटर तेवीस वर्षांच्या नेओमीकडे जातो, आणि हाच माणूस धाकट्या भावाला विचारतो की त्या वयाच्या धड बाईला तुझ्यासारख्या पोरात काय दिसलं असेल! स्वतः करतो ते चालतं, भावाने केलं की खटकतं. कादंबरीचा जीव मला त्या भांडणात दिसला.

मोगरी (ठाणे)

भांडण जबरदस्त आहे, मान्य. पण सिल्व्हिया आणि नेओमी आपल्याला दिसतात त्या फक्त पीटरच्या नजरेतून. प्रकरणं तिघांचीच आहेत: पीटर, आयव्हन, मार्गारेट. ज्या वेदनेवर पीटरची सगळी गोष्ट उभी आहे, ती जिची आहे तिला स्वतःचं एक पान नाही. आणि शेवटी दोघींबरोबर मिळून काहीतरी जमवू, असं ठरतं. हे मला उत्तर वाटलं नाही. मार्गारेटच्या प्रकरणांत ती स्वतःशी वाद घालते, घरी परत जाताना पुन्हा पुन्हा विचार करते. म्हणून ती जोडी दोन माणसांची वाटते.

डब्लिनवासी

इथे राहतो म्हणून एक मुद्दा. मार्गारेटची अडचण फक्त लोकलाजेची नाही. आयर्लंडमध्ये घटस्फोटाला परवानगी मिळाली ती १९९५ च्या सार्वमतात, तीही निसटत्या बहुमताने. त्यानंतरही चार वर्षं वेगळं राहण्याची अट होती, ती २०१९ च्या सार्वमतानंतर दोन वर्षांवर आली. मार्गारेट वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही. गाव तिला अजून 'त्याची बायको' म्हणून बघतं त्याला हा इतिहास आहे. त्यामुळे आयर्लंड लांबचं वाटत नाही हे विधान मला घाईचं वाटतं. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून घटस्फोट आहे.

मोगरी (ठाणे)

ही माहिती मोलाची, पण माझा मुद्दा त्याने पक्काच होतो. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ सालची, तरी २०१९ च्या मालिकेत आसावरी मुलाच्या होकाराची वाट बघत बसते आणि ते कुणालाही खोटं वाटत नाही.

कुंदामावशी

मला आसावरीचं कौतुक कधी कळलं नाही. एक तर त्या दोघांत वयाचं अंतर नाही, मग या चर्चेत ती जोडी आलीच कशी? दुसरं, अभिजित राजेंमध्ये दोष म्हणून काही ठेवलाच नव्हता. शांत, समजूतदार, वर स्वयंपाकात निष्णात. असा माणूस समोर आल्यावर बाईने हो म्हटलं तर त्यात धाडस कसलं?

खरी जोडी 'आई कुठे काय करते' मालिकेतली अरुंधती-आशुतोष. पंचवीस वर्षांचा संसार, नवऱ्याचं दुसरीकडे प्रकरण, मोठी झालेली मुलं, आणि मग ही बाई गाण्याकडे वळते, कमावती होते, त्यानंतर दुसरं लग्न करते. क्रम बघा. आधी स्वतःच्या पायावर उभी राहिली. आणि २०२४ मध्ये काय केलं? आशुतोषला अपघातात मारून टाकलं! पुन्हा एकदा बाई एकटी आणि सोशिक. मला अजून राग आहे त्याचा.

मोगरी (ठाणे)

मावशी, अंतर नसलं तरी प्रश्न वयाचाच आहे. 'या वयात शोभतं का' हे आसावरी आणि मार्गारेट दोघींनाही ऐकावं लागतं. आशुतोषबद्दल मात्र शंभर टक्के तुमच्याबरोबर.

माहुलीकर

'तुला पाहते रे'ची बाजू कुणीच घेत नाही म्हणून लिहितो. विक्रांत त्या कंपनीचा मालक आणि ईशा तिथे नोकरीला. पैसा, वय, हुद्दा सगळं एकाच बाजूला. अशा प्रेमाला महिनोन्‌महिने गोड गाण्यांत गुंडाळून दाखवल्यावर, हा माणूस दिसतो तसा नाही, असं सांगणं हेच प्रामाणिक होतं. सुबोध भावेंनी तो बदल फार ताकदीने केला. मार्गारेटकडे आयव्हनवर चालवायला कसलीच सत्ता नाही, त्यामुळे ही तुलनाच गैरलागू.

चोवीस पावसाळे

विक्रांत वाईट निघाला याला हरकत नाहीच. पण ईशाला ते स्वतःच्या डोक्याने कळायला हवं होतं. कार्यालयातल्या एखाद्या प्रसंगातून, पैशाच्या व्यवहारातून, त्याच्या बोलण्यातून. ते कळलं गेल्या जन्मीच्या आठवणींतून! म्हणजे मालकाच्या प्रेमात पडलेल्या आजच्या मुलीला मालिकेने सांगितलं काय? तिला काही मागचा जन्म आठवणार नाही.

आणि 'इंटरमेत्झो'बद्दल: पीटरची तुटक वाक्यांची प्रकरणं मला जड गेली. रूनीची माझी जोडी अजूनही 'नॉर्मल पीपल'मधली कॉनेल-मरिआनच, आणि तीही पुस्तकापेक्षा त्यावरच्या २०२० च्या मालिकेतली. ती दोघं जे बोलू शकत नाहीत ते पडद्यावर चेहऱ्यांवर दिसतं.

अडीच घरं (नागपूर)

सत्तेचा मुद्दा चांगला काढला माहुलीकरांनी, पण मार्गारेटकडे ती अजिबात नाही हे पटत नाही. तिने आयुष्य बघितलंय. आयव्हनचे वडील नुकतेच गेलेत, विशीतच आपला खेळ उतरणीला लागला अशी भीती त्याला खाते आहे. अशा पोराला ती हवी तशी वळवू शकली असती. हे तिच्या ध्यानात आहे, ती त्याने अस्वस्थ होते.

मोगरी (ठाणे)

हेच! ती अस्वस्थ होते. विक्रांतला कधी झालेलं पाहिलंत? प्रेमात असल्याचं दाखवत होता तेव्हा तरी? माहुलीकर, पहिल्या शंभर भागांतला असा एक प्रसंग सांगा, मी मालिका पुन्हा बघायला तयार आहे.