ज्येष्ठांची जीवनकथा ऐकताना: गोव्यातले तुमचे अनुभव सांगा

समाजकार्याच्या क्षेत्रकार्यात एका तरी ज्येष्ठाची जीवनकथा लिहून आणायला सांगतात. रकाने भरतात, माणूस मात्र हाती लागतोच असं नाही. "जुनं तेच तेच उगाळतात" ही घरच्यांची तक्रार असते. पण उतारवयात मागचं आयुष्य पुन्हा तपासणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे, असं रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. काय विचारल्यावर बोलणं खुललं, ते लिहा.

सांगे
वाळकिणीला एका आजींकडे जात असे. साळावली धरणात त्यांचं कुर्डी गाव गेलं; माणसं वाळकिणी, वाडें इथे वसवली. "गाव सोडताना काय वाटलं?" यावर उत्तर आलं, "काय वाटणार? सगळे निघाले, आम्हीही निघालो." मग म्हटलं, आजी, घर कसं होतं ते दाखवा ना. पानाच्या तबकातली सुपारीची खांडं त्यांनी जमिनीवर मांडली. ही तुळस, ही विहीर, हा गोठा, या खोलीत थोरला झाला. शेवटचं खांड जरा लांब ठेवलं: शेजारीण. ती वाडेंला गेली. मे महिन्यात पाणी ओसरल्यावर सोमेश्वराच्या देवळाशी दोघी भेटायच्या; गुडघे धरल्यापासून तेही बंद. माझ्या फॉर्मात 'कुटुंबातील व्यक्ती' होत्या, शेजारणीला जागाच नव्हती. नातवाशी बोलून दोघींची भेट घडवून आणली. त्या मुलाखतीतून झालेलं खरं काम एवढंच, आणि ते मला अहवालापेक्षा मोठं वाटतं.

डिचोली, निवृत्त शिक्षिका
सन विचारू नका. दाखल्यावरची जन्मतारीख पुष्कळदा शाळेत मास्तरांनी घातलेली असते. "मुक्तीच्या आधी की नंतर?" असं विचारा, १९ डिसेंबर १९६१ सगळ्यांच्या मनात पक्का आहे. १९६७ चा ओपिनियन पोलही तसाच; गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरचं ते मतदान. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. "फूल की दोन पानं?" म्हटल्यावर एक मावशी खुदकन हसल्या. मत कुणाला दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण त्या दिवशी कुणाबरोबर चालत गेल्या, कुठलं लुगडं नेसल्या होत्या, सगळं सांगितलं.

फोंडा
दुपारी जेवणानंतर जाऊ नये, ती निजेची वेळ. सून सासऱ्यांच्या वतीने उत्तरं देत असेल, तर तिचंही वेगळं ऐकून घ्यावं. तिलाही सांगायचं असतं. आजोबांना मात्र सोप्यावर, ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला बसून विचारावं.

पेडणे, विद्यार्थिनी
एक आजोबा मुलाबद्दल बोलता बोलता म्हणाले, "हें बरोवं नाका गो बाय." मी पेन ठेवलं. अहवालात तो भाग आला नाही. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, मी कारण सांगितलं, त्यांना पटलं. नोंद कोण कोण वाचणार हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, म्हणून ते मोकळेपणाने बोलू शकले असं मला वाटतं.

पुन्हा सांगे
आणखी एक: लिहिलेलं मोठ्या अक्षरात छापून त्यांना वाचून दाखवा. आमच्या आजींनी विहिरीची दिशा बदलायला लावली, आणि शेजारणीचं नाव नवऱ्याच्या नावाआधी घालायला सांगितलं. तसंच घातलं आहे.