कारवारची 'आयएनएस चपल' : पाहण्यापूर्वी काही शंका

कुडाळवासी : दिवाळीच्या सुटीत आईवडील आणि शाळकरी मुलांसह कारवारला जाण्याचा विचार आहे. तेथील रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर जतन केलेली 'चपल' ही नौका १९७१ च्या कराची हल्ल्यात होती असे ऐकतो. हे खरे आहे का? आत वयस्कर माणसांना फिरता येईल का? आणि महाराष्ट्रातच असे काही असल्यास तेही कळवावे.

दर्यावर्दी : हा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. 'चपल' नौदलात आली ती १९७६ साली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तिच्या आधीच्या, सोव्हिएत बनावटीच्या 'ओसा-१' वर्गातील लहान क्षेपणास्त्र नौका होत्या. त्यांचा पल्ला मर्यादित असल्याने मोठ्या नौकांच्या मदतीने त्यांना लक्ष्याजवळ न्यावे लागले होते. 'चपल' त्याच घराण्यातली, परंतु 'ओसा-२' वर्गातील. हा फरक मुलांना नौकेपाशी उभे राहूनच दाखवता येईल. जुन्या नौकांवर क्षेपणास्त्रे पेटीसारख्या बंदिस्त घरांत ठेवत, तर पुढे पंख मिटणारी क्षेपणास्त्रे आल्यामुळे 'चपल'वर तीच घरे गोल नळकांड्यांसारखी झाली. जेमतेम ३८-३९ मीटर लांबीच्या बोटीवर अशी चार क्षेपणास्त्रे आणि पुढे-मागे ३० मिलिमीटरच्या जोडतोफा कशा मावल्या, हे पाहण्यातच खरी मौज आहे. माहितीफलक नंतर वाचावेत, आधी बोटीभोवती एक फेरी मारावी, असे माझे मत आहे.

सदाशिवगडकर : आईवडिलांबाबत सांगतो. या जातीच्या बोटींमध्ये जिने उभे, दारे अरुंद आणि छत ठेंगणे असते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असल्यास त्यांनी बाहेरूनच पाहणे बरे. शेजारीच नौदलाचे निवृत्त टेहळणी विमान, टीयू-१४२, ठेवलेले आहे, तेही पाहून घ्यावे. रेल्वेने येणार असाल तर स्थानक शिरवाड येथे, म्हणजे शहराबाहेर आहे. रिक्षा धरावी लागेल.

दर्यावर्दी : महाराष्ट्राविषयी लिहायचे राहिले. मुंबईत जुनी 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २००१ पासून २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून खुली होती. पुढे २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. इतके मोठे जहाज सांभाळणे खर्चिक असते हे मान्य, तरीही ते राखता आले नाही याची खंत वाटते. आता आपल्याच जिल्ह्यात, निवती रॉकजवळ, नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे, पण जहाजात शिरून जिने चढायचे असतील तर तुम्हाला कुडाळहून कारवारच गाठावे लागेल.