लेकराच्या मानेवर मऊ गाठ, सोनोग्राफी झाल्यावर परत एमआरआय कशाला?

खानापूरचा_बाप
नमस्कार मंडळी. पोरगी दीड वर्षाची, मानेला डावीकडं जन्मल्यापासून थोडं फुगीर होतंच, पण सर्दी-ताप झाला आणि बघता बघता लिंबाएवढं झालं. आज्जी म्हणते गंडमाळ, गल्लीतले म्हणालेत थेट सीटी काढ. बेळगावात सोनोग्राफी केली, रिपोर्टात लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, मॅक्रोसिस्टिक असं आलंय आणि आता डॉक्टर एमआरआय सांगालेत, तेही भूल देऊन. एवढ्याशा लेकराला भूल? कुणाला माहीत असलं तर सांगा की.

फिल्मवाला_टिळकवाडी
दादा, मी स्कॅन सेंटरात कामाला आहे, निदान डॉक्टरच करणार, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. सोनोग्राफीत काळे पाण्याचे कप्पे, मधे पातळ पडदे, आणि डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावला तर कप्प्यात रक्त फिरताना दिसत नाही, असं असलं की लसिकेची गाठ वाटते, तेच तुमच्या रिपोर्टातलं लिम्फॅटिक मालफॉर्मेशन; लसिका म्हणजे अंगातल्या बारीक नळ्यांतून वाहणारं पाण्यासारखं द्रव. आज्जी म्हणते ती गंडमाळ म्हणजे मानेतल्या टीबीच्या गाठी, त्या बहुतेक घट्ट, एकमेकीला चिकटलेल्या असतात. मॅक्रोसिस्टिक म्हणजे मोठे कप्पे, साधारण 1 सेंमीच्या वर (काही जण 2 धरतात). ताप आल्यावर वाढली म्हणताय, आत इन्फेक्शन किंवा रक्त उतरलं की असं होतं, एमआरआयमध्ये मग कप्प्यात दोन थर दिसतात. आता मुद्दा, सोनोग्राफीला खोलवरचं आणि हाडाआडचं नीट दिसत नाही, गाठ श्वासनळीकडं, जिभेखाली का छातीत उतरलीय ते एमआरआयच दाखवतो. सीटीत रेडिएशन, आणि मऊ भागाचा फरकही तेवढा कळत नाही, गल्लीतल्यांचं ऐकू नका.

निपाणीची_आई
आमच्या लेकाचं झालंय हे. भुलीआधी जेवण आणि वरचं दूध 6 तास बंद, अंगावरचं 4, पाणी 2 तास, पण भूलवाले सांगतील तेच धरा. पहाटेचा नंबर मागून घ्या, नाहीतर भुकेनं रडून रडून हैराण करतंय पोर. मशीन ढोल बडवल्यासारखं वाजतंय, म्हणून हलू नये यासाठीच भूल. आमच्याकडं नंतर ऑपरेशन नाही, सुई घालून औषध सोडलं, मोठे कप्पे असले की ते बरं लागू पडतं म्हणालेत.

खानापूरचा_बाप
बरं झालं ताई. म्हणजे सुई कुठं घालायची ते ठरवायलाच एमआरआय, असं की?

फिल्मवाला_टिळकवाडी
होय की. आणि मधे श्वास घुरघुरला, गिळायला त्रास झाला, गाठ लाल होऊन तापली तर तारखेची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला जावा. सोनोग्राफीच्या जुन्या फिल्म सोबत ठेवा, नुसता कागद नको.