ट्रॅकवर टायरमध्ये हवा किती ठेवता? (अनुभव धागा)

मंडळी, ट्रॅक डेच्या (आपली गाडी सर्किटवर पळवायच्या दिवसाच्या) सकाळी पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात त्या जागी, एकच प्रश्न फिरत असतो: "तुम्ही किती ठेवलीत?" उत्तरही एका आकड्यात मिळतं, "अठ्ठावीस." कुठल्या टायरला, गार असताना की तापल्यावर, ऊन होतं की ढग, याचा पत्ता नसतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा रस्त्यासाठी आहे. त्यात सामान, मायलेज, आराम सगळं धरलेलं असतं आणि तो गार टायरचा असतो. ट्रॅकवर दोन-तीन लॅपमध्ये (फेऱ्यांत) टायर असा तापतो की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ठरवायचा तो तापलेला आकडा, गार आकडा त्यावरून उलटा काढायचा. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स टायरला बरेच जण तापल्यावर 32 ते 36 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास राहतात, पण हा फक्त सुरुवातीचा अंदाज.

तुमचे अनुभव लिहा. गाडी, टायर, सर्किट आणि हवामान सांगा, आणि आकडा गार की गरम ते विसरू नका.

माझ्यापासून सुरुवात करतो. बीएमडब्ल्यू एम2, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. 5.125 किलोमीटर, 16 वळणं, एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. गाडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, म्हणजे उजवी वळणं जास्त आणि सगळा भार डाव्या चाकांवर. चारही टायर सारखे भरून निघालं की परत येताना डावा पुढचा उजव्यापेक्षा हमखास वर गेलेला दिसतो. म्हणून मी डाव्या बाजूला गार असतानाच एक-दीड पीएसआय कमी ठेवतो. तापल्यावर जोडी जुळते.

*

माझी पोलो जीटी. स्पोर्ट्स कार म्हणावी की नाही यावर घरात वाद आहे, पण चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर ती मनापासून पळते. पुढच्या चाकांची गाडी, त्यामुळे ओढणं, वळणं, बराचसा ब्रेक सगळं पुढच्याच टायरांच्या माथी. मागचे नुसते सोबतीला. वळणात नाक बाहेर पळायला लागलं की लोक पुढची हवा कमी-जास्त करत बसतात. मी उलट मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त भरतो. मागची पकड थोडी घटते, शेपटी हलकी होते आणि गाडी वळायला राजी होते. पावसात मात्र हा उद्योग करू नये, शेपटी फारच राजी होते.

पुण्याहून गाडी चालवत येणाऱ्यांसाठी: हायवेवरून आल्या आल्या मोजून हवा सोडू नका. तो टायर गार नसतो. रात्रभर उभी राहू द्या.

*

माझ्याकडे असली गाडी नाही, भाचा जातो. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून त्याला गणित मांडून दिलं. इथेही देतो.

गेज दाखवतं तो दाब वातावरणाच्या वरचा. आधी त्यात 14.7 मिळवा, मग तापमान केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक 273) घ्या. 26 पीएसआय भरले, हवा 30 अंशांवर. टायरच्या आतली हवा 80 अंशांना पोचली तर 40.7 गुणिले 353 भागिले 303, म्हणजे 47.4. त्यातून 14.7 वजा केले की साधारण 32.7. आता तेच 26 थंडीत, 10 अंशांवर भरा. 80 अंशांना होतात 36 च्या वर. गार आकडा तोच, तापल्यावर सुमारे 3.4 पीएसआयचा फरक! चेन्नईच्या मे महिन्यातला आकडा दिल्लीच्या डिसेंबरात का चालत नाही, ते यात आलं.

*

सरांचं गणित मी कॅलिफोर्नियात एकाच दिवसात अनुभवतो. माझदा एमएक्स-5, लगुना सेका. सकाळी समुद्रावरून धुकं येतं, दुपारी कडक ऊन. सकाळी नीट बसवलेली हवा जेवणानंतर जास्त भरते, मग प्रत्येक फेरीनंतर पिटमध्ये येऊन लगेच मोजायचं आणि सोडायची. आमचा ट्रॅक उलट्या दिशेचा, त्यामुळे इथे उजवे टायर जास्त तापतात.

गाडीचं स्टिकर 29 म्हणतं. पण मी आकड्यापेक्षा खडूवर विश्वास ठेवतो. टायरच्या खांद्यावर, साइडवॉलला लागून असलेल्या छोट्या त्रिकोणाच्या खुणेवर खडूची रेघ मारायची आणि काही लॅप जोरात चालवायच्या. खडू त्रिकोणाच्या खूप खालपर्यंत पुसला गेला तर टायर कडेवर लोळतोय, हवा कमी. खुणेच्या बराच वर शिल्लक राहिला तर जास्त. सुई खुपसायचा थर्मामीटर असेल तर आणखी उत्तम: आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी मोजा. मधला भाग दोन्ही कडांहून गरम म्हणजे पोट फुगलंय, हवा सोडा. लांबून लाल ठिपका मारणारा थर्मामीटर फक्त वरची कातडी मोजतो आणि ती पिटपर्यंत येता येता गार होते.

आणि गाडी उन्हात उभी असेल तर उन्हाकडचे टायर आधीच तापलेले असतात. तसेच मोजून चारही सारखे केले की दोन बाजूंत फरक पडलाच म्हणून समजा.

*

खडू पटला. फक्त गेज एकच ठेवा, स्वतःचं. पेट्रोल पंपावरचं एक सांगतं, मित्राचं दुसरं. पाऊण पीएसआय चुकीचं असलं तरी चालेल, रोज तेवढंच चुकायला हवं.

*

जर्मनीत आम्ही बारमध्ये बोलतो (1 बार म्हणजे 14.5 पीएसआय). नूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर सर्वसामान्यांसाठी खुल्या दिवशी जातो. 20.8 किलोमीटरची फेरी, आणि प्रत्येक फेरीनंतर मुख्य सरळ पट्ट्यावरच्या फाटकातून बाहेर यावं लागतं. त्यामुळे टायर लहान सर्किटसारखा एकसारखा तापत राहत नाही. वर चढतो, फाटकापाशी थोडा उतरतो. इथे फार कमी हवेने सुरुवात केली तर पहिल्या काही किलोमीटरांत टायर मऊ आणि गाडी आळशी. आयफेलच्या डोंगरात पाऊस अर्ध्याच ट्रॅकवर पडतो. ओल्यात टायर तापत नाही, म्हणून गार आकडा वाढवावा लागतो; भरलेला टायर पाणीही बरं कापतो.

कमी हवा म्हणजे जास्त पकड, असं मानणाऱ्यांनी 2013 ची ब्रिटिश ग्रां प्री ही फॉर्म्युला वन शर्यत आठवावी. सिल्व्हरस्टोनला एकामागून एक टायर फाटले. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने दिलेल्या कारणांत कमी हवा होती, उलट्या बाजूला बसवलेले मागचे टायर होते, जास्त कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि ट्रॅकच्या कडेचे उंच कर्बही होते. 2015 मध्ये मोंझाला हॅमिल्टनचा डावा मागचा टायर किमान मर्यादेपेक्षा 0.3 पीएसआय कमी भरला. टायर गरम ठेवणारं ब्लँकेट काढल्यावर टायर गार झाला होता. चौकशी झाली आणि विजय टिकला. तापमान न सांगता दाब सांगणं तिथेही वादाचंच ठरलं.

*

नायट्रोजन भरायचा का? कोणी त्याबद्दल लिहिलं नाही.

*

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. खरा फायदा कोरडेपणाचा: ओलसर हवेतली वाफ तापल्यावर दाब बेभरवशाने वाढवते. मुंबईच्या पावसाळ्यात पंपाच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, तिथे फरक जाणवेल. पण दर फेरीनंतर मोजून सोडणार असाल तर वेगळे पैसे कशाला? त्या पैशांत बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर घ्या. संध्याकाळी टायर गार झाले की हवा स्टिकरच्या बरीच खाली गेलेली असते आणि ट्रॅकच्या आसपास पंप उघडा मिळेलच असं नाही.