प्रतिसाद: द्वि-अनुनाद तंत्राचा उपयोग नेमका कुठे?

वर असे मत आले आहे की द्वि-अनुनाद (केंद्रकीय चुंबकीय अनुनाद म्हणजे NMR वर्णपट घेताना ठरावीक केंद्रकांवर दुसरे रेडिओ क्षेत्रही लावणे) म्हणजे गुंतागुंतीचा वर्णपट सोपा करण्याची केवळ एक युक्ती आहे. मला ते अपुरे वाटते, कारण सोपेपणापेक्षा कोणता प्रोटॉन (हायड्रोजनचे केंद्रक) कोणाशी युग्मित आहे, म्हणजे कोणामुळे त्याचा संकेत रेषांत विभागला जातो, याचा थेट पुरावा हे या तंत्राचे खरे मोल आहे.

इथाइल क्रोटोनेट (CH3–CH=CH–COOC2H5) घ्या. द्विबंधावरील मिथाइल गटाचा संकेत सुमारे 1.9 पीपीएमला (पीपीएम हे वर्णपटातील स्थानाचे एकक) असतो आणि 6.95 पीपीएमच्या आसपासचा, मिथाइलशेजारच्या द्विबंधी कार्बनवरचा प्रोटॉन बऱ्याच रेषांत विभागलेला दिसतो. दुसरे रेडिओ क्षेत्र नेमके 1.9 वर लावले की मिथाइलचे युग्मन नाहीसे होते आणि त्या गर्दीतून फक्त दोन रेषा उरतात. त्यांच्यातील सुमारे 15.5 हर्ट्झचे अंतर मोजले की द्विबंध ट्रान्स (त्यावरील दोन हायड्रोजन विरुद्ध बाजूंना) आहे, हे कागदावरच दिसते. मात्र दुसरे क्षेत्र फार तीव्र ठेवले, तर जवळचे संकेत किंचित सरकतात. त्या सरकण्यालाच रासायनिक बदल समजण्याची चूक सहज होते.

कार्बन-13 च्या बाबतीत सर्व प्रोटॉनांचे विस्तृत पट्ट्याने वियुग्मन करतात, म्हणजे त्यांचे युग्मन एकाच वेळी नाहीसे करतात. त्यात रेषा एकवटतात आणि ओव्हरहाउसर परिणामामुळे (प्रोटॉनांवर क्षेत्र लावल्याने शेजारच्या केंद्रकाचा संकेत वाढणे) संकेताची तीव्रता जास्तीत जास्त सुमारे तिप्पट होते, पण ही वाढ प्रत्येक कार्बनला सारखी मिळत नसल्याने त्या शिखरांच्या क्षेत्रफळांवरून कार्बनांची संख्या ठरवू नये. संख्या हवीच असेल, तर वियुग्मन फक्त संकेत नोंदवतानाच चालू ठेवावे आणि दोन रेडिओ स्पंदांमध्ये पुरेसा वेळ द्यावा.