मदत हवी आहे : २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण इजिप्तच्या वाळवंटातून, सोबत वयस्कर आई

नमस्कार,

२ ऑगस्ट २०२७ रोजी होणारे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी आईला घेऊन इजिप्तला जाण्याचे ठरवले आहे. ग्रहणाच्या वेळी आईने बहात्तरी गाठलेली असेल. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, एरवी प्रकृती ठणठणीत आहे आणि सकाळचे फिरणे सहसा चुकत नाही. जायचे हे नक्की असले तरी त्या दिवशी नेमके कुठल्या ठिकाणी असावे, हे अजून ठरत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

हेच ग्रहण का, हेही सांगणे आवश्यक वाटते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी आई हुबळीला सासरी होती. शहर खग्रास पट्ट्यात, म्हणजे सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो त्या पट्ट्यात होते, परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्यामुळे भर दुपारी घरट्याकडे परतणाऱ्या पाखरांचा गलबला तेवढा तिला ऐकू आला. पुढे २२ जुलै २००९ ला आम्ही दोघे मुद्दाम सुरतेला गेलो. सकाळी साडेसहाच्या आत अंधारून आले, पण आषाढातल्या ढगांनी सूर्य काही दिसू दिला नाही. २०२७ चे ग्रहण त्याच २००९ च्या ग्रहणाचे पुढचे भावंड आहे, कारण सारोस नावाच्या ग्रहणचक्रात अठरा वर्षे, अकरा दिवस आणि सुमारे आठ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वीची तशीच स्थिती पुन्हा येते आणि त्या वरच्या आठ तासांत पृथ्वी एक-तृतीयांश फिरत असल्यामुळे खग्रास पट्टा तेवढाच पश्चिमेला सरकतो. तेव्हा सुरत, पाटणा आणि चीनवरून गेलेली सावली म्हणून या वेळी स्पेनचे दक्षिण टोक, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान ओलांडणार आहे. भारतातून दिसणारे पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ ला थेट काश्मीर-लडाखच्या बाजूला आहे. तोवर थांबण्याची आईची तयारी नाही आणि माझीही नाही.

आमच्यापुढे तीन ठिकाणे आहेत. पहिले लक्झर, जिथे खग्रास अवस्था सहा मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास राहील. विमानतळ, रुग्णालये आणि हॉटेले हाताशी आहेत, मात्र गर्दी अफाट असेल, आणि अंधारताच रस्त्यांवरचे दिवे आपोआप लागले तर रसभंग होईल, अशी धास्ती वाटते. दुसरे सिवा, लिबियाच्या सीमेजवळचे मरूद्यान. खग्रास अवस्था सर्वाधिक टिकते त्या पट्ट्याच्या मध्यरेषेच्या ते जवळ असल्यामुळे तिथेही सहा मिनिटांहून अधिक वेळ मिळेल. चारी बाजूंना मोकळे क्षितिज असल्यामुळे वायव्येकडून धावत येणारी सावली आणि सभोवार उमटणारी संध्याकाळची तांबूस कड पाहण्यासाठी याहून उत्तम जागा मला तरी सुचत नाही. मात्र कैरोहून तिथे जायला रस्त्याने जवळजवळ पूर्ण दिवस जातो आणि काही घडले तर मोठे रुग्णालय फार लांब आहे.

तिसरे ठिकाण बहारिया मरूद्यान. मोटारीने कैरोहून ते अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. ते खग्रास पट्ट्यात असले तरी मध्यरेषेपासून काहीसे उत्तरेला पडते. पण मध्यरेषेपासून पट्ट्याच्या काठापर्यंतचे निम्मे अंतर गेले, तरी खग्रास काळ साधारण एक-अष्टमांशानेच घटतो, खरी घसरण काठाजवळ होते. म्हणजे तिथेही साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ मिळायला हरकत नाही. सुरतेला आकाश निरभ्र असते तरी सव्वातीन मिनिटेच मिळाली असती, हे लक्षात घेता आईसाठी हाच मार्ग बरा, असा माझा कल आहे. या हिशेबात काही राहून गेले असल्यास जाणकारांनी अवश्य दाखवून द्यावे.

ढगांची चिंता जवळपास नाही, खरी काळजी उन्हाची आहे. ऑगस्टमध्ये तिथला पारा चाळिशीला सहज टेकतो, आणि खग्रास अवस्था दुपारी एकच्या सुमारास, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना येते. स्पर्शापासून, म्हणजे चंद्र सूर्याला झाकू लागल्यापासून, खग्रासपर्यंतचा सुमारे दीड तास उघड्या वाळूत बसणे आईला झेपणार नाही. गाडीला बांधता येईल असे छत तिथे भाड्याने मिळते का? की तंबू इथूनच न्यावा? रक्तदाबाच्या गोळीबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, तरी इतक्या उष्ण प्रदेशात वयस्कर माणसांना नेलेल्यांनी पाणी, क्षार आणि विश्रांती यांची आखणी कशी केली होती, ते कळले तर मदत होईल. आडवे होऊन पाहता येईल अशी घडीची खुर्चीही हवी आहे, कारण इतक्या उंचावरच्या सूर्याकडे मान वर करून पाहत राहणे तिला त्रासाचे होईल.

दुसरा प्रश्न परवानग्यांचा. नाईलच्या पश्चिमेकडील आतल्या वाळवंटात जाण्यासाठी लष्करी परवाना लागतो. तो स्थानिक वाटाड्या काढून देतो का, किती दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि ग्रहणाच्या सुमारास तो ऐनवेळी नाकारला जाण्याची शक्यता कितपत असते? मुंबईतल्या एका सहल कंपनीने बहारियाचा बेत दिला आहे, पण परवाना न मिळाल्यास काय करणार, याचे सरळ उत्तर त्यांच्याकडून मिळत नाही, म्हणून अनामत रक्कम अजून भरलेली नाही.

छायाचित्रणाबद्दल काही विचारायचे नाही. कॅमेरा नेणार नाही, ग्रहणाचे चष्मे आणि एक दुर्बीण एवढेच सामान असेल.

२९ मार्च २००६ च्या ग्रहणासाठी इजिप्तमधल्या सल्लूमला गेलेले कोणी इथे असतील, तर वाळवंटातला मुक्काम, स्वच्छतागृहांची सोय आणि ग्रहण सुटल्यावर परतीच्या रस्त्यावरची गर्दी यांविषयी कृपया सविस्तर लिहावे. पर्यायी ठिकाण म्हणून लक्झरची हॉटेलखोली आताच धरून ठेवावी का, हेही सांगावे.